दुखलं तर द्या

शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा केस पेपर पाहिला, तर औषधांच्या यादीत अगदी खाली बहुतेक वेळा एक ओळ असते: पॅरासिटामॉल सिरप, अमुक मिली, एसओएस. तिच्या वर अँटिबायोटिक असतं, सलाईनचा वेग असतो, पाणी कधी सुरू करायचं ते असतं, आणि या सगळ्यांपुढे वेळ घातलेली असते. वेदनाशामकापुढे वेळ नसते. गरज पडली तर द्या, दुखलं तर द्या. पण गरज पडली हे ठरवायचं कोणी? डॉक्टर ओटीत पुढच्या केसला उभे असतात, नाहीतर दुसऱ्या रुग्णालयात गेलेले असतात. मूल तीन वर्षांचं असतं. राहता राहिली वॉर्डातली सिस्टर. तिनं मुलाकडे पाहायचं, ओळखायचं आणि कपाट उघडायचं.

ओळखायला निवांतपणा लागतो. वॉर्डात एकटीच सिस्टर, दोन सलाईनी संपत आलेल्या, एक पेशंट ओटीतून वर येतोय, खाली बिलिंगवाले डिस्चार्जचा कागद मागताहेत, अशा वेळी निवांतपणा कुठून आणायचा? म्हणून शस्त्रक्रियेनंतर मुलांना सोसावं लागणारं दुखणं आणि परिचारिकांवरचा ताण हे दोन विषय नाहीतच, असं माझं म्हणणं आहे. तो एकच विषय आहे. आपल्याकडच्या अभ्यासांत मात्र त्याची फाळणी झालेली दिसते.

ही फाळणी पाहायची तर पुण्यासारखं शहर नाही. लकडी पूल ओलांडून टिळक चौकात आलं, की अलका टॉकीजच्या बाजूला सदाशिव पेठेच्या हद्दीतच पूना हॉस्पिटल उभं आहे. तिथून आत वळून पेरूगेट, भिकारदास मारुती, नागनाथ पार असं फिरत गेलं, की जुन्या वाड्यांच्या जागी झालेल्या इमारतींत पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर लहान लहान रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. कुठे दहा खाटा, कुठे पंचवीस. मुलांचे टॉन्सिल, हर्निया, अपेंडिक्स, मोडलेला हात अशी कामं मोठ्या संस्थांइतकीच या जिन्यावरच्या रुग्णालयांतही होत असतात. आणि शहरभर पसरलेल्या नर्सिंग कॉलेजांतल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनी प्रश्नावल्या घेऊन पुण्यातल्या रुग्णालयांतून हिंडत असतात. त्यांच्या प्रबंधांच्या शीर्षकांत 'पुणे शहरातील निवडक रुग्णालये' हे शब्द ठरलेले असतात. एकीचा विषय असतो परिचारिकांवरील ताणाचं मूल्यमापन. दुसरीचा असतो शस्त्रक्रियेनंतर मुलांच्या वेदनेवर खेळाचा, कार्टूनचा किंवा संगीताचा परिणाम. पहिली मानसिक आरोग्य विभागात जाते, दुसरी बालरोग विभागात. दोघींचे मार्गदर्शक वेगळे. प्रबंध बांधून होतात, ग्रंथालयाच्या दोन वेगळ्या कपाटांत जातात. दोघी कदाचित एकाच वॉर्डात, एकाच सिस्टरशी बोललेल्या असतात.

मुलांच्या वेदनेकडे जगानं किती उशिरा पाहिलं, ते आधी सांगायला हवं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या जोआन ईलंड या परिचारिकेनं एक साधी मोजणी प्रसिद्ध केली. चार ते आठ वर्षांची २५ मुलं तिनं घेतली, सगळी शस्त्रक्रिया झालेली. त्यांतल्या १३ मुलांना रुग्णालयातल्या पूर्ण मुक्कामात वेदनाशामकाचा एकही डोस मिळालेला नव्हता. उरलेल्या बारांना मिळून २४ डोस. मग तिनं तशाच आजारांचे १८ प्रौढ रुग्ण काढले. त्यांना मिळालेले डोस होते ६७१. त्यांतले ३७२ अफूवर्गीय औषधांचे. आजार तेच, कापणं-शिवणं तेच, फरक फक्त वयाचा. ही मोजणी एका परिचारिकेनं केली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. औषध लिहिणाऱ्याला आपण काय लिहिलं ते आठवतं. प्रत्यक्षात काय दिलं गेलं ते देणाऱ्या हातांनाच ठाऊक असतं.

तान्ह्या बाळांची तर गोष्ट आणखी वाईट. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हृदयाजवळची शस्त्रक्रिया करताना स्नायू सैल पाडणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढ्यावर भागवण्याची पद्धत १९८० च्या दशकापर्यंत कित्येक नामांकित केंद्रांत चालू होती. बाळ हलत नव्हतं, कारण त्याला हलता येत नव्हतं. यामागे क्रौर्य नव्हतं. एक भीती होती, की गुंगीच्या औषधानं एवढ्याशा जिवाचा श्वास थांबेल. आणि एक समजूत होती, की बाळाच्या मज्जातंतूंवर अजून आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे वेदना मेंदूपर्यंत जातच नाही. ही समजूत तेव्हाच्या शरीरशास्त्रालाही धरून नव्हती. ठसठसणारी, रेंगाळणारी वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंवर मोठ्या माणसातसुद्धा आवरण नसतं. बाळाचं उलट असतं: वेदना वर नेणाऱ्या वाटा जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात, पण मेंदूकडून खाली येऊन ती दाबणारी यंत्रणा मात्र अजून कच्ची असते.

हे चित्र पालटवणाऱ्यांत एक नाव आपल्या शेजारचं आहे. कंवलजीत सिंग आनंद यांनी इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रिया होऊन परतणारी बाळं इतकी का ढासळतात, हा प्रश्न त्यांना छळत होता. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. अपुऱ्या दिवसांची सोळा बाळं. आठांना नेहमीची पद्धत, आठांना तिच्या जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक. ज्यांना फेंटानिल मिळालं नाही, त्यांच्या रक्तात तणावाच्या संप्रेरकांचा लोंढा आला, साखर चढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती त्यांच्यातच जास्त दिसल्या. सोळाच बाळं, पण वाद मिटायला तेवढी पुरली. वेदना थांबवणं म्हणजे नुसती दया नाही, तो उपचाराचाच भाग आहे, हे त्या रक्ताच्या नमुन्यांनी दाखवून दिलं.

वेदना तेवढ्यापुरती दुखून संपतही नाही. कॅनडातल्या ॲना टॅडियो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये चार ते सहा महिन्यांच्या मुलग्यांच्या लसीकरणाच्या वेळची प्रतिक्रिया तपासली. जन्मानंतर लगेच भूल न देता सुंता झालेली मुलं सुईला इतरांपेक्षा जास्त कळवळली; बधिर करणारं मलम लावून सुंता झालेली मुलं मधोमध होती. त्या बाळांना काही आठवत असणं शक्य नव्हतं. पण त्यांच्या मज्जासंस्थेनं नोंद ठेवली होती.

आता आपल्या वॉर्डात येऊ. पेठेतल्या अशाच एखाद्या रुग्णालयात एक तीन वर्षांचा मुलगा आहे, सकाळी हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला, असं समजू. मुलं उपाशी असतात म्हणून त्यांचा नंबर यादीत पहिला लावतात. दहाच्या सुमाराला भूलतज्ज्ञांनी मूल झोपल्यावर कंबरेच्या तळाशी, माकडहाडाच्या थोडं वर, एक इंजेक्शन दिलेलं असतं. याला कॉडल ब्लॉक म्हणतात. बेंबीखालच्या शस्त्रक्रियांसाठी तो फार उपयोगाचा. त्यातल्या बुपिवाकेननं कंबरेखालचा भाग साधारण चार ते सहा तास बधिर राहतो. त्यामुळे मुलगा वर येतो तो शांत. आई म्हणते, काही त्रास दिला नाही हो. सकाळची सिस्टर पाहते, मूल झोपलंय. टीपीआर चार्टवर तापमान, नाडी, श्वास लिहिते. दोन वाजता तिची ड्यूटी संपते. ती दुपारच्या सिस्टरला ओव्हर देते: हर्निया, ऑपरेशन झालं, सलाईन चालू, चार वाजता पाणी, पॅरासिटामॉल एसओएस, मूल शांत आहे.

ब्लॉक उतरायला लागतो नेमका त्यानंतर.

दोन ते आठची ड्यूटी म्हणजे वॉर्डातला सगळ्यात गजबजलेला काळ. सकाळच्या यादीतले उशिराचे पेशंट एकेक करून वर येत असतात, उद्याच्या केसेस दाखल होत असतात, घरी जाणाऱ्यांची बिलं अडलेली असतात, चारनंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. ब्लॉक किती वाजता दिला हे भूलतज्ज्ञांच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि तो कागद फायलीत खालच्या बाजूला असतो. म्हणजे या मुलाला तीन-चार वाजता दुखायला लागणार, हे सकाळी दहालाच ठाऊक होतं. शाळेतल्या मुलालाही येईल अशी ती बेरीज आहे. पण बेरजेचे दोन आकडे दोन वेगळ्या कागदांवर राहिले आणि मधल्या हातबदलात ते एकत्र आलेच नाहीत.

मूल कुरकुरतं. आई थोपटते. भूक लागली असेल, सलाईनचा हात अवघडला असेल, घाबरलं असेल. ही सगळी कारणं खरीही असू शकतात. म्हणूनच वेदना मोजायच्या पट्ट्या निघाल्या. १९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या परिचारिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॅक नावाची पट्टी प्रसिद्ध केली. ती दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या, म्हणजे नीट सांगता न येणाऱ्या मुलांसाठी आहे. पाच गोष्टी पाहायच्या आणि प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. आपल्या मुलाकडे तसं पाहिलं तर? चेहरा: मधूनमधून कपाळावर आठ्या, एक. पाय: पोटाशी घेतलेले, सरळ करू देत नाही, दोन. हालचाल: सारखी कूस बदलतोय, अंग ताठ, एक. रडणं: मोठ्यानं नाही, कण्हतोय, एक. समजूत: आईनं जवळ घेतलं की थोडा वेळ थांबतो, एक. एकूण सहा. दहापैकी चार ते सहा म्हणजे मध्यम वेदना, औषध द्यायलाच हवं अशी. हे पाहायला एखाद-दोन मिनिटं पुरतात, पण ती मुलाच्या खाटेजवळ उभं राहून द्यावी लागतात. दारातून नजर टाकली तर दिसतं एवढंच, की मूल आईच्या कुशीत आहे आणि फारसं रडत नाही.

जरा मोठ्या मुलांसाठी चेहऱ्यांची पट्टी आहे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. डॉना वाँग ही परिचारिका आणि कॉनी बेकर ही मुलांशी खेळून त्यांना रुग्णालयाची सवय लावणारी कार्यकर्ती, या दोघींनी अमेरिकेतल्या टल्सा शहरात भाजलेल्या मुलांच्या विभागात काम करताना १९८० च्या दशकात ती तयार केली. चेहरे कसे असावेत हे त्यांनी मुलांकडूनच वर्तुळांत काढून घेतलं होतं. तीन वर्षांवरच्या मुलाला विचारायचं, तुझं दुखणं यातलं कुठलं?

इथे आपल्याकडची एक अडचण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठी घरांत लहान मुलाला गप्प करायला जी धमकी सर्रास वापरली जाते, ती अशी: "रडलास ना, तर सिस्टरला बोलावते. ती मोठ्ठी सुई टोचेल." दवाखान्याच्या बाकावर बसून कुणीही ती ऐकलेली असेल. मूल ती पूर्ण खरी मानतं. मग शस्त्रक्रियेनंतर पांढऱ्या कपड्यातली तीच सिस्टर येते आणि प्रेमानं विचारते, "बाळा, दुखतंय का रे?" मूल मान हलवतं: नाही. त्याच्या दृष्टीनं हे उत्तर अगदी शहाणपणाचं आहे. दुखतंय म्हटलं तर सुई येणार. मुलं इंजेक्शनच्या भीतीनं वेदना नाकारतात, ही गोष्ट ईलंडनंही नोंदवून ठेवली होती. म्हणजे ही काही फक्त आपल्या पेठांतली गोष्ट नाही. पण आपण तिला रोज खतपाणी घालतो. ज्या बाईनं दुखणं थांबवायचं, तिलाच बागुलबुवा करून ठेवायचं, यानं मुलाचं नुकसान होतंच आणि त्या बाईचंही होतं. दिवसभरात दहा मुलं आपल्याला पाहून आईच्या पदराआड लपली, की माणसाला काय वाटत असेल?

सिस्टरच्या बाजूनं ताणाचा अभ्यासही जुना आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या व्यवस्थेचा अभ्यास केला. तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं, की रुग्णांच्या यातनांशी रोजचा संबंध येतो त्याची धास्ती सहन व्हावी म्हणून पूर्ण व्यवस्थाच आडपडदे उभे करते. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या नंबरानं किंवा दुखऱ्या अवयवानं ओळखायचं. एका रुग्णाचं सगळं एकीनं करायचं नाही. एकीनं सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांच्या गोळ्या द्यायच्या. आपल्याकडेही 'सात नंबरचं ड्रेसिंग राहिलंय' हे वाक्य कुठल्याही वॉर्डात ऐकू येतं. त्यात निष्ठुरपणा शोधू नये. एका मुलाच्या कण्हण्याशी पूर्ण जोडलं जायचं आणि तसंच वीस जणांशी, हे महिनोन्‌महिने कुणालाच झेपणार नाही. पण या कामाच्या वाटणीत एक गोष्ट हरवते: काल रात्रीपासून आतापर्यंत या एका मुलात काय बदल झाला, हे बघणारं एक माणूस.

१९८१ साली ताण मोजायची दोन साधनं एकाच वर्षी आली. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांची बर्नआउटची प्रश्नावली आणि ग्रे-टॉफ्ट व अँडरसन यांचं खास परिचारिकांसाठीचं ३४ प्रश्नांचं मापक. या दुसऱ्यात मृत्यू पाहावा लागणं, डॉक्टरांशी खटके, कामाचा बोजा, उपचारांबद्दलची अनिश्चितता असे सात गट आहेत. आपल्याकडच्या विद्यार्थिनींच्या प्रबंधांत ही साधनं किंवा त्यांच्यावरून बेतलेल्या प्रश्नावल्या पुन्हा पुन्हा भेटतात. निष्कर्षाला येतं ते बहुधा असं: इतक्या टक्के परिचारिकांना मध्यम ताण, इतक्यांना तीव्र. मग शिफारस: योग, ध्यान, ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा. मला या शिफारशीचा राग येतो. बारा तासांच्या नाईटला एकटीवर वीस पेशंट सोपवायचे आणि सकाळी तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचं, यात दुखणं एकीकडे आणि मलम भलतीकडे असा प्रकार होतो.

बोजा आणि रुग्णाची प्रकृती यांचा संबंध मात्र लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आकड्यांत मांडला. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले सव्वादोन लाखांहून अधिक प्रौढ रुग्ण, दहा हजारांहून अधिक परिचारिका. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच वेळी परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी. हे दोन आकडे एका वाक्यात येतात म्हणून मला हा अभ्यास सगळ्यांत मोलाचा वाटतो. बाईचं थकणं आणि रुग्णाचं बिघडणं एकाच कारणातून, एकाच दिशेनं जातात. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून परिचारिका व रुग्ण यांचं प्रमाण बांधून दिलं; मुलांच्या वॉर्डात एका परिचारिकेकडे चारांहून जास्त मुलं नाहीत. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकषही काही वाईट नाही: सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण रुग्णालयांसाठी तिघांमागे एक, इतरांसाठी पाचांमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के राखीव. निकष कागदावर आहे. कुठल्याही वॉर्डात रात्री दहाला जाऊन खाटा मोजाव्यात आणि सिस्टर मोजाव्यात.

बोजा वाढला की नेमकं काय सुटतं? औषध सुटत नाही, कारण त्याची सही करावी लागते. सलाईन सुटत नाही, कारण बाटली संपलेली दिसते. युरोपातल्या १२ देशांतल्या परिचारिकांना शेवटच्या पाळीत वेळेअभावी काय राहून गेलं असं विचारलं, तेव्हा ५३ टक्क्यांनी सांगितलं: रुग्णाशी बोलणं, त्याला धीर देणं. २०१४ मध्ये हे निष्कर्ष आले. वेदनेवर औषध देणं सुटल्याचं सांगणाऱ्या त्या मानानं फार थोड्या होत्या. यावरून कुणी म्हणेल, मग काळजी कसली? पण प्रौढ माणूस बेल दाबून दुखतंय म्हणतो आणि औषध मागून घेतो. तीन वर्षांच्या मुलाशी बोलणं, त्याच्यापाशी थांबणं, हीच वेदनेची तपासणी असते. ते सुटलं तर औषधापर्यंत पोचायची वाटच बंद होते. अफूवर्गीय औषध लागणार असेल तर वाट आणखी लांब. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते कुलुपात असतं, किल्ली इन-चार्जकडे, प्रत्येक मिलिग्रॅमची नोंद, उरलेलं टाकून द्यायलाही साक्षीदार. काटेकोरपणा हवाच. पण घाईच्या पाळीत तो टाळण्याकडे मनाचा कल होणं स्वाभाविक आहे.

या कामाला मान मिळवून द्यायचा एक मोठा प्रयत्न पुण्यातच झाला होता. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. त्यांत विधवा होत्या, सोवळ्याओवळ्याच्या घरांतल्या होत्या. परक्या माणसाची जखम धुणं म्हणजे जात बाटवणं, असं म्हणणाऱ्या शहरात हे पाऊल टाकायला छाती लागत होती. शंभर वर्षांत सोवळं गेलं, पण कामाची किंमत वाढली का? जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीबद्दल समिती नेमायला सांगितलं. समितीची शिफारस होती, की पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही मासिक वेतन वीस हजारांखाली नसावं. एवढीही रक्कम शिफारस म्हणून लिहावी लागली, यातच सगळं आलं. पेठेतल्या रुग्णालयात काम करणारी सिस्टर पेठेत राहत नाही. ती कुठूनतरी धायरी, कात्रज किंवा हडपसरहून बसनं येते, घरचा डबा करून येते आणि रात्री आठची ड्यूटी सुटली तरी ओव्हर देऊन निघेपर्यंत पाऊण तास जातो.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे जगाच्या आधीपासून बरोबर होती. इंग्लंडमध्ये आईवडिलांना मुलाला ठरावीक वेळीच भेटता येई. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातल्या आठवड्याचा चित्रपट केला, त्यावरून वादंग झालं, आणि १९५९ च्या प्लॅट समितीनं आईला मुलापाशी राहू द्या असं सांगितलं. आपल्याकडे आई खाटेवरच असते. बऱ्याचदा मावशी आणि आजीसुद्धा. मुलाचं नेहमीचं कुरकुरणं कुठलं आणि आजचं कुठलं, हे तिला कुठल्याही पट्टीपेक्षा चांगलं कळतं. पण आपण तिच्याकडून दुपटी बदलून घेतो, सलाईनवर लक्ष ठेवून घेतो, औषधाच्या दुकानात पाठवतो. तिला काय दिसतंय ते विचारत नाही. तीही दुसऱ्यांदा हाक मारायला कचरते. "सिस्टर, जरा बघता का?" एकदा म्हणून झालेलं असतं. पुन्हा म्हटलं तर चिडतील, मग रात्री काही लागलं तर? हा संकोच थकलेल्या सिस्टरच्या कपाळावरच्या एका आठीतून जन्मतो.

उपाय अवघड नाहीत. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले एक-दोन दिवस पॅरासिटामॉल एसओएस न लिहिता घड्याळाला बांधून लिहायचं. वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, आणि पहिला डोस ब्लॉक उतरायच्या आधी. मग अँटिबायोटिकसारखंच ते आपोआप दिलं जातं आणि सिस्टरचं ओळखणं उरतं ते त्यावरच्या जादा औषधापुरतं. ब्लॉक किती वाजता दिला आणि किती वाजता उतरेल, हे केस पेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत. टीपीआर चार्टवर तापमान-नाडीच्या खाली वेदनेची एक ओळ. ओव्हर देताना आईला सामील करून घ्यायचं. दाखल होताना आईवडिलांना एक विनंती, की सुईची धमकी देऊ नका. आणि मुलाला आदल्या दिवशी बाहुलीवर पट्टी बांधून दाखवायची, की जाग आल्यावर इथे दुखेल आणि दुखलं की सांगायचं, गोड औषध मिळेल. यातलं शेवटचं करायला मात्र माणूस लागतं, आणि तिथे आपण पुन्हा खाटा आणि सिस्टर यांच्या मोजणीपाशी येतो.

म्हणून माझी इच्छा आहे, की त्या दोन कपाटांतले दोन प्रबंध कुणीतरी एकत्र करावेत. प्रश्नावलीतला ताण आणि चेहऱ्यांच्या पट्टीवरची वेदना एवढं वेगवेगळं मोजून थांबू नये, मिनिटं मोजावीत. मुलाच्या वेदनेचा आकडा चारावर गेला ती वेळ आणि औषध पोटात गेलं ती वेळ, यांतलं अंतर. त्याच्या शेजारच्या रकान्यात त्या पाळीला वॉर्डात किती पेशंट होते, किती सिस्टर होत्या, त्यांची किती तासांची ड्यूटी झालेली होती. महागडं यंत्र लागत नाही, परदेशी निधी लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि पेठेतली पाच-सहा रुग्णालयं. परवानगी मागताना एक काम वाढेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते, बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. ती घ्यायला विद्यार्थिनीला खाटेवर बसून मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावं लागेल, की तुला किती दुखतं हे आम्हाला लिहून ठेवायचंय, आणि खरं सांगितलंस तर सुई मिळणार नाही.